कमळाबाईची वीत

ही रचलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय आणि मी तिथं उभा होतो.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मे महिना, भर दुपार, अंगणात तांदळाच्या पापड्या वाळत घातलेल्या. ज्यांना भुतं फक्त अंधारात हवीत त्यांनी इथूनच परत जावं.

शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढचं एक गाव. नाव सांगणार नाही. गाववाले ओळखतील. खुशाल ओळखा. सगळं माहीत असून तुम्हीच तोंड शिवून बसला होतात.

माझी बहीण स्नेहल त्या गावात दिलेली. नवरा संदेश, वासिंदला कंपनीत कामाला. सासू भिमीबाई. सासरा काळूराम, त्याला सगळे तात्या म्हणतात. मी पण म्हणायचो, अहोजाहो करायचो. आता करत नाही. आणि स्नेहलची दोन वर्षांची पोर, निशिगंधा.

तात्यानं भातशेतात मुरूम टाकून स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांतीला अख्खं गाव जेवलं.

पुढच्याच थंडीत आतल्या खोलीच्या भिंतीला तडा गेला.

मंगळू मिस्त्रीला बोलावलं. गिलाव्याचा तडा जाळीसारखा असतो, वरवरचा. पाया खचला तर तडा तिरका जातो, जिन्यासारखा. हा तडा सरळ उभा होता. लादीतून निघून, भिंतीवर चढून, थेट स्लॅबमध्ये. मंगळूनं तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली.

"काच फुटली तर समजायचं भिंत हालते. नाय फुटली तर निवांत झोपा."

काच फुटली नाही.

आठवड्यानं स्नेहलनं मोबाईलवर फोटो पाठवला. काच जागेवर, अख्खी.

पण काचेखाली तडाच नव्हता...

तो वीतभर बाजूला सरकला होता. दाराच्या दिशेनं. आधीच्या जागी भिंत गुळगुळीत. रंगसुद्धा उडालेला नाही.

मंगळूनं दुसरी काच लावली. तीही फुटली नाही. तडा आणखी वीतभर पुढं. त्यानंतर मंगळूनं फोन उचलणं बंद केलं.

तात्या म्हणाला, "आरसीसी हाय. काय नाय होत. बायकांना काम नाय म्हणून भिंती बघत बसतात."

मग आवाज सुरू झाले.

दुपारी, जेवणं झाल्यावर. भिंतीतून.

खर्र... थप्प.

खर्र... थप्प.

स्नेहलला वाटलं उंदीर. पण उंदीर थांबून थांबून एका तालात कोरत नाही.

आणि तड्याच्या पलीकडे, आतल्या खोलीत... आवाज मेला. पंखा फिरायचा, घरघर यायची नाही. भांडं पडायचं, ऐकू यायचं नाही. कोंबड्या त्या बाजूला जाईनात. भिंतीवरची पाल तड्यापर्यंत यायची आणि मागं फिरायची.

एका दुपारी स्नेहल कपडे घेऊन आली. पोरीला आतल्या खोलीत झोळीत झोपवलं होतं. सहज डोकावली. निशिगंधा झोळीत उठून बसलेली. तोंड उघडं, चेहरा लाल, गाल ओले. पोर जीव तोडून रडत होती.

आवाज येत नव्हता.

स्नेहलनं धावत जाऊन तिला उचललं. तड्याच्या अलीकडे आल्याबरोबर रडणं कानावर आदळलं. घसा पार बसला होता पोरीचा. किती वेळ रडत होती कोण जाणे.

"दादा, मला न्यायला ये," स्नेहल फोनवर म्हणाली. "आत्ता ये. तडा आता हॉलमध्ये आलाय. माझ्या पोरीला काय झालं तर मला आयकूसुद्धा येणार नाय रे."

मी टेम्पो काढला.

पोचलो तेव्हा भिमीबाई ओटीवर बसली होती. मी सरळ विचारलं, "इथं आधी काय होतं?"

तिनं मग हळूच हात केला. फाटकाच्या बाहेर ऐनाच्या झाडाचं खोड आहे, तिकडं.

"आधी बांध तिथं व्हता. त्या ऐनापाशी."

"मग हे घर?"

"कमळीच्या वावरात हाय. आख्खं."

कमळाबाई तात्याच्या चुलतभावाची बायको. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिचं वावर तात्याच्या वावराला लागून. दरवर्षी पावसाळ्याआधी बांध तासतात, गवत काढतात. तात्या फावड्यानं आपल्या बाजूनं बांध तासायचा आणि ती माती तिच्या बाजूला थापायचा. बांध तेवढाच जाड दिसतो. फक्त जागा बदलतो. वर्षाला एक वीत.

आमच्याकडं याला बांध कोरणं म्हणतात. सगळे हसत सांगतात. चोरी कुणी म्हणत नाही.

कमळाबाई ऐनाच्या खोडापासून हातानं विती मोजत बसायची. तात्याच्या दारात येऊन म्हणायची, "माझी वीत दे." पंचांकडे गेली. पंच म्हणाले, वीतभर मातीला काय रडते गो म्हातारे.

अशाच एका मे महिन्यात, दुपारी, बांधावर मेलेली सापडली. पंजा मातीवर ताणलेला. अंगठा एकीकडं, करंगळी एकीकडं.

तात्यानं तिचं दहावं केलं आणि बांध पार मोडून तिचं अख्खं वावर आपल्यात घेतलं.

मी ऐकत होतो आणि डोकं फिरत होतं. या माणसाच्या घरात आम्ही आमची पोर दिली.

आत गेलो. "स्नेहल, चल. बॅग राहू दे."

तात्या दारात आडवा. "माझी सून भिंतीच्या तड्याला भिऊन माहेरी चालली? गावाला काय सांगू?"

"सांगा, कमळाबाईचं वावर खाल्लं, आता ती परत घेतेय."

"त्वांड सांभाळ, पावण्या! पुरावा हाय का तुझ्याकडं?"

"तात्या, बाजूला व्हा."

"नाय होत. काय करशील?"

निशिगंधा मागं लादीवर बसून चमच्यानं ताटली बडवत होती. टण् टण् टण्. आमच्या भांडणात तो आवाज चालूच होता.

खर्र... थप्प.

आणि ताटली बंद झाली.

मी वळून बघितलं. पोर ताटली बडवतच होती. चमचा खाली येत होता, ताटली उडत होती.

आवाज नव्हता...

आमच्या आणि तिच्या मधल्या लादीवर तडा होता. आत्ताच, कुणी न बघता आलेला.

स्नेहल किंचाळत गेली. किंचाळी अर्ध्यात तुटली. तोंड उघडंच, पोरीला छातीशी धरलं, परत आली, आणि राहिलेली किंचाळी तड्याच्या अलीकडे फुटली.

तात्या पिसाळला. "नाटकं करता व्हय रे सगळे!" पाय आपटत तड्यापलीकडे गेला. कमरेवर हात ठेवून आमच्याकडं तोंड करून ओरडायला लागला. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

मग तो मध्येच थांबला.

मागं वळला. कुणीतरी हाक मारल्यावर वळतात तसा.

मागं फक्त भिंत होती.

त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. तो खाली बसला. पंजा लादीवर ताणला. अंगठा, करंगळी. अंगठा, करंगळी. विती मोजत मोजत रांगत आमच्याकडं यायला लागला. ओठ सारखे हलत होते. डोळ्यांतून धारा.

हात तड्याच्या अलीकडे आला तसा मी मनगट धरून ओढला.

"तात्या! काय दिसलं?"

त्यानं तोंड उघडलं.

काही आलं नाही.

शहापूरला दाखवलं, कल्याणला दाखवलं. डॉक्टर म्हणतात घशात दोष नाही. आता तो मुरबाडला, भिमीबाईच्या भावाकडं ओटीवर बसून असतो. घराला कुलूप आहे. दुपारी त्या वाटेनं जाणारे सांगतात, आतून तात्याचा आवाज येतो. स्पष्ट.

"घे गो कमळे... घे तुझी वीत..."

आता गाववाल्यांना कंठ फुटलाय. तिच्या वेळी कुठं गेला होता?

स्नेहल आणि पोर सापगावला आमच्याकडं आहेत. संदेशही इथूनच कामावर जातो. निशिगंधा ठीक आहे. मोठमोठ्यानं रडते, आम्ही रडू देतो.

एक सांगायचं राहिलं.

आमच्या ओटीच्या भिंतीला एक तडा आहे. केसाएवढा, जुना असेल. सरळ उभा. परवा मी वडलांना विचारलं, "बाबा, आपला बांध पहिल्यापासून तिथंच होता ना?"

बाबा जेवत होते. ताटातून वर बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तड्यावर काच चिकटवली. रोज उठल्यावर आधी तिच्याकडं जातो. फुटली तर नुसती भिंत हालते. लोकांना ती अख्खी हवी असते.

मी ती फुटायची वाट बघतोय.