सहा चौरस फूट

आधीच सांगतो, हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय. ज्याला थाप वाटेल त्यानं इथंच थांबावं, माझी काही हरकत नाही.

साल १९८६. एप्रिलातला शनिवार, टळटळीत दुपार. मुरुमजवळचं आमचं गाव.

विरुपाक्षकाका हायस्कुलात गणित शिकवायचे. त्या वर्षी शाळेला टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर मिळाला होता. बाकीचे मास्तर त्याला हात लावायला भ्यायचे. काकांनी मात्र त्यावर छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्रिकोणाच्या तीन बाजू टाकायच्या, की क्षेत्रफळ पडद्यावर. तीन, चार, पाच टाकलं की सहा. चोख.

शाळेच्या कुंपणाला लागून त्यांचा साडेएकवीस गुंठ्यांचा रानाचा तुकडा होता. तो त्यांनी गावच्या दूध सोसायटीला इमारतीसाठी दिला होता. सोमवारी पाया खणणार होते.

आणि शांताक्काकाकूंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कारण त्या रानात रुद्रू होती.

रुद्रू त्यांची एकुलती एक पोर. बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हगवणीनं गेली. पाच वर्षांची होती. काका तेव्हा लांब तलावाच्या कामावर, मजुरांनी खोदलेले खड्डे मोजायला. निरोप पोचेतो तिसरा दिवस उजाडला. थोरल्या भावानं पोरीला रानात पुरलं. आमच्यात पुरायला बायकांना नेत नाहीत, लेकराला दगडही ठेवत नाहीत. जागा विचारायचं काकांना धाडस झालं नाही, आणि वर्षभरात तो भाऊही गेला. जागा सांगायला कोणी उरलंच नाही.

"मी दुसऱ्यांचे खड्डे मोजत बसलो," काका म्हणायचे. एवढंच म्हणायचे.

त्या शनिवारी सोसायटीसाठी रान मोजायचं होतं. टेपचं एक टोक काकूंनी धरलं, दुसरं काकांनी. रानाचे मधून दोन त्रिकोण केले. शाळा सुटलेली. दोघं कॉम्प्युटरपुढं बसले.

पहिला त्रिकोण. सत्तर, दोनशे चाळीस, अडीचशे फूट. आठ हजार चारशे आले. बरोबर.

दुसरा. दीडशे, दोनशे, अडीचशे. पंधरा हजार यायला हवे...

आले चौदा हजार नऊशे चौऱ्याण्णव.

काकांनी कागदावर करून बघितलं. पंधरा हजार. पुन्हा मशीनवर... सहा कमी. प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. सगळं जागच्या जागी.

"सहाच का कमी येतंय?" काका पुटपुटले.

काकूंनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"तीन फूट लांब, दोन फूट रुंद," त्या म्हणाल्या. "पाच वर्साच्या पोरीला आणिक किती लागतंय वो?"

काकांनी टेप उचलला.

त्या त्रिकोणाचे दोन केले. एक पुरा आला, दुसऱ्यात सहा कमी. ज्यात कमी, त्याचे पुन्हा दोन. रान ते शाळा, शाळा ते रान. रानात एक पाखरू ओरडत नव्हतं.

शेवटचा त्रिकोण राहिला सहा, आठ, दहाचा. चोवीस यायला हवे...

आले अठरा.

तो तुकडा नेमका पायासाठी मारलेल्या चुन्याच्या रेघेखाली होता.

काका तिथं मटकन बसले. तेरा वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले. "मला यायला उशीर झाला गं, रुद्रू."

पुरल्या जागेवरून निघताना आमच्याकडं मागं वळत नाहीत, नाव घेऊन हाक मारत नाहीत. मारली तर मेलेलं माणूस मागं येतं म्हणतात. काका डोळे पुसून सरळ चालू लागले.

काकू वळल्या.

"रुद्रू, चल बाळा घरी. हितं खणणार हायेत."

वाऱ्याची झुळूक नव्हती. तरी चुन्याची रेघ मधेच पुसली गेली...

घरापर्यंत मागून कोणीतरी अनवाणी, चटके चुकवत, उड्या मारत येत होतं. काकांनी वळून बघितलं नाही.

रविवारी काकांनी पुन्हा तेच आकडे टाकले. सहा, आठ, दहा... चोवीस. सोमवारी पाया खणला. त्या जागी मातीशिवाय काही निघालं नाही.

मग काकांच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी घरातली आतली खोली मोजली. बारा बाय नऊ, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पंधरा. चोपन्नाचे दोन त्रिकोण. आकडे शाळेतल्या कॉम्प्युटरवर टाकले.

दाराकडचा आला चोपन्न.

आतल्या कोपऱ्याचा... अठ्ठेचाळीस.

काकूंना सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "ठाव हाय मला. तिथं बारकी वाकळ अंथरलीया."

तेव्हापासून काका दर उन्हाळ्यात ती खोली मोजतात. एकोणनव्वद साली मी एकदा विचारलं, कशासाठी?

"आता एकवीस वर्सांची असती," काका म्हणाले. "वाटतं, एखाद्या साली तरी जास्त जागा लागंल तिला. वाढली असंल."

गेल्या उन्हाळ्यात काकांना नीट दिसेना, म्हणून आकडे मी टाकले. 

अठ्ठेचाळीसच आले.

काका माझ्या तोंडाकडं बघत होते. मी सांगितलं, सत्तेचाळीस, सात कमी.

त्या संध्याकाळी काकूंनी वाकळीला चारी बाजूंनी नवी पट्टी जोडली. दोघं कधी नव्हे ते हसून जेवले.

सकाळी ती पट्टी सुटून बाजूला पडली होती. एकही टाका तुटलेला नव्हता.

काकूंनी ती पुन्हा शिवली. मी मात्र त्यानंतर त्या खोलीत गेलो नाही.