हौदात बुडवलेले निखारे

निखाऱ्यांचं मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून रखमी पडवीतून घरात शिरणार, तोच तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर थबकलं... आतून गॅसचा वास येत होता.

पौषातलं धुकं अजून उधवा गावावरून उठलं नव्हतं. कापलेल्या भाताची खाचरं, पलीकडचे ताड, अंगणात उभा असलेला टेम्पो, सगळं कसं अर्धवट झोपेतलं वाटत होतं, आणि पहाटे उठल्यापासून रखमीलाही तसंच वाटत होतं, की दिराचं, नितीनचं हे डहाणूला राहायला जाणं खरं नाहीच, ऊन वर आलं की धुक्याबरोबर तेही विरून जाईल.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. या घरी मात्र मातीची एक आणि लोखंडाची एक. मातीची चूल मागच्या पडवीत. तिच्यातला विस्तव सासूच्या काळापासून राखेखाली जपलेला, आणि घरातलं कुणी वेगळं निघालं की थोरल्या बाईनं त्याला त्यातले निखारे द्यायचे, त्यावर नव्या घरातला पहिला दिवा लावायचा, ही या घरची रीत. लोखंडाची शेगडी आत, नऊ वर्षांपूर्वी रखमीच्या नावावर आलेली. ती तिच्याशिवाय कुणी पेटवायची नाही आणि कुणी बंदही करायची नाही. नितीनला चहा हवा असला तरी वयनीच उठणार.

रखमीचा नवरा भिका वारला तेव्हा त्याचा हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. रखमीला मूलबाळ नव्हतं, दोन ठिकाणांहून मागणीही आली होती, पण दारात उभं राहून टकमक बघणारं ते पोर टाकून जायला तिचं अंतःकरण धजलं नाही. आता तो नोकरीला लागला होता, रोशनीसारखी चुणचुणीत बायको आली होती, आणि डहाणूच्या भाड्याच्या खोलीत चूल कुठे पेटवणार, म्हणून शेगडी त्यांनाच द्यायची हे रखमीनं कधीच ठरवलं होतं. काल रात्री तोंडानं फक्त एवढंच म्हणाली होती, "प्रविण सकाळी येतोय. तोच शेगडी सोडवील. नितीन, तू हात लावू नको."

"द्यायची नसेल तर तसं सांगा ना, ताई," रोशनी म्हणाली. "प्रविणचं निमित्त कशाला?"

प्रविण म्हणजे गॅस दुरुस्त करणारा. रोशनीचं बोलणं रखमीनं गिळलं असतं, पण नितीन गप्प राहिला. त्याच्या त्या गप्प राहण्यानं तिला रात्रभर डोळा लागू दिला नाही. त्यानं जावं, जरूर जावं, पण मनात अढी घेऊन जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि पठ्ठ्यानं आता, प्रविणची वाट न बघता, स्वतःच शेगडी सोडवायला घेतली होती!

आत गॅस, आणि हातात विस्तव... गॅस जमिनीलगत सरपटत येतो, असं प्रविणनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पडवीतली चूल दारापासून चार पावलांवर होती. ती मागे वळली, विहिरीजवळच्या हौदापाशी गेली आणि मडकं पाण्यात बुडवलं. मग त्याच मडक्यानं पाणी आणून तिनं चुलीत ओतलं. पुन्हा आणलं, पुन्हा ओतलं. सासूनं हातात हात धरून सोपवलेला विस्तव चरचरला, वाफ धुक्यात मिसळली आणि चूल काळी पडली.

टेम्पोवर गाठोडी बांधणाऱ्या रोशनीनं ते पाहिलं आणि ती धावत आली.

"आमच्या जाण्याच्या वेळी चूल विझवता, ताई? एवढं वाईट चिंतता आमचं?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. रखमी आत शिरली. अंधारात नितीन ओणवा बसला होता, बाजूला विळा, हातात कापलेली नळी, आणि तिच्या तोंडावर अंगठा गच्च दाबलेला. अंगठ्याखालून फुसफुस चालूच होती.

"वयनी, बंदच होत नाय. शेगडीची दोन्ही बटणं बंद हायत..."

रखमीनं त्याच्या खांद्यावरून हात घातला आणि सिलिंडरवरच्या रेग्युलेटरचं बटण फिरवलं. फुसफुस थांबली. रोशनी तोवर दारात आली होती आणि काही दिसेना म्हणून तिचा हात भिंतीकडे जात होता.

"दिवा लावू नको, रोशनी. हात मागे घे."

तो आवाज असा होता की रोशनीचा हात हवेतच राहिला. मग तिलाही वास आला.

दारं-खिडक्या सताड उघडून तिघं अंगणात, घरापासून लांब जाऊन बसली.

प्रविण आला, आत जाऊन सगळं तपासून बाहेर आला आणि नितीनसमोर कापलेली नळी धरली. "शेगडीची बटणं बंद केली म्हंजे गॅस बंद झाला काय? सिलिंडरमधून नळीत तो येतच राहतो. आधी सिलिंडरवरचं बंद करायचं. आणि कोणी नळी विळ्यानं कापतं का रे? मला फोन करायला हात दुखत होता?"

"त्याचा दोष नाय," रखमी म्हणाली. "मीच कधी कुणाला ते बटण दाखवलं नाय. सगळं माझ्याच हातानं करत बसले."

"मावशी, तुमचा तर वेगळाच कारभार. शेगडी डहाणूला द्यायची म्हणून मला बोलवता, आणि डॉक्टरनं धुरापाशी बसू नका सांगितलंय, त्याचं काय? मीच गाडीवरून नेलं होतं ना दवाखान्यात? डोळे जातील म्हणाला तो."

रखमीनं पदर डोळ्यांना लावला. नितीन तिच्याकडे बघतच राहिला, आणि मग त्या एवढ्या मोठ्या माणसानं लहानपणी घालायचा तसं तिच्या मांडीवर डोकं घातलं आणि तो हुंदके देऊ लागला.

"बोलली का नाय, वयनी?"

"बोलले असते तर तू गेला असतास?"

रोशनी उठून गेली. पडवीत तिनं ओली राख उपसली, सुक्या काटक्या रचल्या. प्रविणनं वारा खेळू दिला, घर पुन्हा तपासलं आणि आता चालेल म्हणाला, तेव्हाच तिनं काडी ओढली. ओली चूल लवकर पेटेना. फुंकून फुंकून तिचे डोळे लालभडक झाले आणि धूर म्हणजे काय ते तिला त्या सकाळी नीट कळलं.

"शेगडी इथंच राहील," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "आमची आम्ही घेऊ. ताई, रात्री बोलले ते..."

"मडकं दे इकडे," रखमी म्हणाली. तिनं चिमट्यानं निखारे भरले, वर राख घातली आणि मडकं रोशनीच्या हातात ठेवलं.

"पण हा विस्तव तर मी पेटवलाय."

"म्हणून तर तुला देते. माझा आज पाण्यात गेला. इथून पुढे या घरात तुझा."

टेम्पो गेला. प्रविणनं नवी नळी जोडून दिली आणि तोही गेला. दुपारी ऊन स्वच्छ पडलं. रखमीनं शेगडीवर एकटीपुरता चहा केला, रेग्युलेटरचं बटण बंद केलं आणि कप घेऊन ती उंबऱ्यात बसली. घर इतकं शांत होतं, की फोन वाजला तेव्हा ती दचकली.

"दिवा लागला, वयनी," नितीन म्हणाला. "रोशनीनं लावला." मग जरा थांबून, "आणि रेग्युलेटर बंद केला ना?"

नऊ वर्षं रोज हा प्रश्न ती स्वतःलाच विचारत आली होती. तिला तो कधी कुणी विचारला नव्हता. बटण बंद होतं, तिला पक्कं ठाऊक होतं.

"थांब," ती म्हणाली. "फोन ठेवू नको. बघून येते."