नवव्या गोलंदाजाची हजेरी

ही गोष्ट माझ्या आईने मला देव्हाऱ्यासमोर बसून सांगितली. ती एरवी कशासाठीही देवाला मध्ये घेत नाही. म्हणून मी ती खरी मानतो. शिवाय ज्यांच्या बाबतीत हे घडलं, ते माझे सख्खे मामा. अजून वसईजवळच्या वटार गावातच राहतात.

तारीख ३० मे १९९९. रविवार. संध्याकाळचे पाच.

चांगलं लख्ख ऊन होतं.

आणि जागा... वसई किल्ल्याच्या बाहेर, खाडीलगतच्या खाजणाच्या कडेला असलेला एक उंचवटा.

मामा म्हणजे गावाचे शत्रुघ्न मास्तर. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली. निवृत्त झाल्यावर कुणाला बाग लागते, कुणाला पत्ते. मास्तरांना समिती लागली. सन १७३९ च्या लढाईत मराठ्यांची एक तोफ त्या उंचवट्यावर होती, असं जुने लोक सांगायचे. तिच्या गोलंदाजांचं स्मारक करायचं ठरलं. अध्यक्ष बोळिंजचे विलासराव. वसईत येऊन सहाच वर्षं झालेली, त्यामुळे इथल्या इतिहासाचा अभिमान जरा जास्तच. सचिव मास्तर. म्हणजे काम मास्तरांचं आणि फोटोतली मधली खुर्ची विलासरावांची.

अडचण एकच होती. तोफेवर नऊ माणसं होती, एवढंच ऐकिवात होतं. नावं कुणालाच माहीत नव्हती.

"नावांशिवाय दगड मैलाचा वाटेल हो," विलासराव म्हणाले. "बघा ना काहीतरी."

मास्तरांनी बघितलं. एका दुपारी ओटीवर बसून त्यांनी चक्क नावं बनवली. जुन्या वळणाची, खणखणीत. आठ झाली. नववं काही केल्या सुचेना, आणि पाथरवट अंगणात येऊन उभा.

तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या मुलाचं पाळण्यातलं नाव लिहिलं.

मुलाचं नाव प्रितेश. पण बारशाला आत्याने, म्हणजे माझ्या आईने, त्याच्या कानात पणजोबांचं नाव सांगितलं होतं. ते पुढे कुणी वापरलं नाही. मामा, मामी आणि आई, तिघांनाच ठाऊक. आईने मला सगळं सांगितलं, ते नाव तेवढं सांगितलं नाही.

सत्यवतीमामीला कळलं तेव्हा ती विळीवर बसली होती.

"जित्या मानसाचं नाव दगडावर घालतात का?"

"त्या नावाने त्याला ओळखतं कोण?"

"आपून ओळखतो ना."

मास्तर चष्मा पुसत राहिले. दगड कोरून झाला होता.

प्रितेश तेव्हा फौजेत होता. तोफखान्यात. काश्मीरला. त्या मे महिन्यात तिकडे काय पेटलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. एकोणीस दिवस त्याचं पत्र नव्हतं. पोस्टमनच्या वेळेला मामी रोज फाटकात उभी राहायची, आणि कुणी पाहिलं की अबोलीला पाणी घालतेय असं दाखवायची.

कार्यक्रमाला पन्नासेक माणसं जमली. सलामीची दारू उडवायला ॲन्सेल्म. देवळाची जत्रा असो की चर्चचा सण, दारू ठासलेल्या उखळी उडवायला सगळे त्यालाच बोलावत.

"मास्तर, तुमच्या लोकांनी आमच्या चर्चवर गोळे टाकले," उखळी ओळीने मांडत तो म्हणाला, "आनि सलामी मीच द्यायची?"

"तुझी दारू कोरडी असते म्हणून."

"ते खरं हाय," ॲन्सेल्म खूश झाला.

ठरलं होतं ते असं. प्रमुख पाहुण्यांनी एकेक नाव वाचायचं. प्रत्येक नावाला एक उखळी. लोकांनी हात जोडायचे. बस्स.

पाहुण्यांनी पहिलं नाव वाचलं.

आणि लांबून, खाजणाकडून आवाज आला...

"हजर."

उखळी उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी वळून पाहिलं. खाजण मोकळं. चिखल आणि गवत.

दुसरं नाव.

"हजर."

आवाज वेगळा. वयस्कर. आणि थोडा अलीकडून.

विलासराव कानाशी वाकले. "मास्तर, कमाल केलीत. कॅसेट लावलीत की माणसं लपवलीत?"

सगळ्यांना वाटत होतं की ही समितीची कल्पना. पण समितीत खुर्च्यांपासून हारांपर्यंत जे काही व्हायचं, ते मास्तर करायचे. आणि मास्तरांनी हे केलं नव्हतं.

तिसरं. चौथं. पाचवं.

चौतीस वर्षं मान वर न करता हजेरी घेतलेला माणूस. आवाज कुठल्या बाकावरून आला, हे त्यांना न बघता कळायचं. आताही कळत होतं.

आवाज पुढे सरकत होते. एकेक बाक.

वारा पडला होता. मांडवाच्या पताका सरळ खाली लोंबत होत्या. मघाशी बाभळीवर कावळे कलकलत होते... आता एकही नव्हता.

सातव्या उखळीनंतर ॲन्सेल्मने हाक मारली. "मास्तर, तुमची मानसं माझ्या दारूजवळ चालतायत. त्यांना मागं घ्या. कुनाला भाजलं तर माझ्या नावाने बोंब."

"कोण चालतंय?"

ॲन्सेल्मने आजूबाजूला पाहिलं. मग त्याने गळ्यातला क्रूस हातात धरला.

आठवं नाव.

"हजर."

दगडाच्या मागून. हातभर अंतरावरून.

मास्तरांनी दगडामागे डोकावलं. कुणी नव्हतं. फक्त गवत आठ ठिकाणी दबलेलं होतं, माणूस उभा राहिल्यावर दबतं तसं. शेजारी एकाची जागा मोकळी.

तेव्हा मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

या नावांची माणसं कधी नव्हतीच. ही नावं त्यांनी ओटीवर बसून बनवली होती.

मग हजर कोण म्हणत होतं?

आणि नवव्या नावाचा माणूस तर होता...

बायकांच्या रांगेत मामी उभी राहिली होती. पदराचं टोक तोंडात. मास्तर धावले आणि पाहुण्यांच्या हातातल्या कागदाला त्यांनी हात घातला. पाहुण्यांना वाटलं, मास्तर उच्चार सुधारायला आले.

"वाचता येतं हो मला," पाहुणे हसले, कागद बाजूला घेतला आणि नववं नाव वाचलं.

कर्ण्यातून ते नाव खाजणभर गेलं.

दगडामागे कुणीतरी श्वास आत ओढला. उत्तर देण्याआधी मुलं ओढतात तसा. तो श्वास मास्तरांनी ओळखला. प्रितेश चौथीपर्यंत त्यांच्याच वर्गात होता.

"हजर!" मास्तर ओरडले. "मी हजर आहे. त्या नावाला मी हजर आहे."

उखळी उडाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. विलासरावांनी तर डोळे पुसले.

टाळ्यांच्या आड, दगडामागून, हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं...

"सरका रं. जागा द्या त्याला."

ते मास्तरांनी ऐकलं. मामीनेही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी पाथरवटाला नेऊन नववी ओळ घासून काढली. "माहितीत चूक होती," एवढंच समितीला सांगितलं.

आठवड्याने प्रितेशचं पत्र आलं. नोव्हेंबरात तो स्वतः आला. धडधाकट. मेच्या त्या संध्याकाळी तो कुठे होता, हे त्याला विचारायचा धीर आजवर कुणाला झालेला नाही.

पण मामा...

त्या दिवसापासून रोज पाच वाजले की मामा अंगणातल्या खुर्चीत बसतात. डोळे उघडे. हाक मारली तर ओ देत नाहीत. खांदा हलवला तर कळत नाही. डॉक्टर झाले, भगत झाला. दिवेलागणीला आपोआप उठतात, मोरीवर जातात आणि हात धुतात.

पाणी काळं येतं. गंधकाचा वास येतो.

मामी टॉवेल घेऊन उभी राहते.

मागच्या महिन्यात मी वटारला गेलो होतो. मामी पडवीत बसली होती, दोन ताटं झाकून. घड्याळात साडेनऊ वाजले होते. मामा अजून खुर्चीतच होते.

"आधी दिवेलागणीला सोडायचे," मामी म्हणाली. "हल्ली उशीर करतात."