अर्ध्यावरून सुटणारी स्प्रिंग

जुनी छऱ्याची पिस्तुले पारखणाऱ्या माणसाला एक वेळ भीती परवडते, घाई परवडत नाही. आणि ज्या पारख्याची ही गोष्ट आहे, त्याला घाई ठाऊकच नव्हती. पिस्तूल हाती आले की तो आधी त्याचे स्क्रू पाही. खाचांचे काठ चुरगळलेले दिसले, की कोणा हौशी हाताने ते उघडले आहे असे समजावे आणि भाव उतरवावा. मग नळीवरचा मूळचा निळसर काळा मुलामा, मग सुट्या भागांवरच्या आकड्यांची जुळणी, आणि सर्वांत शेवटी वास. या पिस्तुलांत दारू नसते. आत एक दणकट स्प्रिंग असते आणि तिच्या पुढे चामड्याचा वायसर. तो वायसर तेल प्यायलेला आहे की सुकून गेला आहे, हे त्याला नुसत्या वासावरून कळे.

त्या दिवशी दुपार कलल्यावर तो एका वृद्ध बाईंच्या घरी गेला, तो याच कामासाठी. बाईंचे यजमान वर्षापूर्वी वारले होते. मागच्या खोलीत त्यांचे काचेचे कपाट, हिरवे कापड घातलेले टेबल आणि हात झिजलेली खुर्ची जशीच्या तशी होती.

"चहा आधी की पिस्तुलं आधी?" बाईंनी विचारले.

"पिस्तुलं. चहा घेतला की माणूस उदार होतो, भाव वाढतो."

"मग चहाच आधी घ्या की!"

पारखी हसला आणि कामाला लागला. एकेक पिस्तूल तो दिव्याखाली धरी आणि मऊ फडक्यावर ठेवून देई. बहुतेक चांगली होती; दोन-तीन कोणीतरी घासूनपुसून वाया घालवलेली. मात्र शेवटचे हाती येताच तो थबकला. स्क्रूंना कोणाचा हात लागलेला नव्हता, आकडे तंतोतंत जुळत होते, मुलामा अंगच्या कातडीसारखा अखंड होता.

"काकू, हे या कपाटाचं नाक आहे."

"ते ह्यांचं लाडकं. मलासुद्धा पुसू देत नसत." बाई खुर्चीकडे पाहत म्हणाल्या. "शेवटची दोन वर्षं ह्यांचा उजवा हात लुळा पडला होता. तरी रोज दिवे लागायच्या वेळी इथे बसायचे आणि नळी खाली दाबून हेच चढवायला बघायचे. नळी अर्धी दबायची आणि सुटायची. मी म्हणायची, अहो, द्या, मी दाबते. तर म्हणायचे, मग ते तुझं चढवणं झालं, माझं नाही. गेले त्या संध्याकाळीही हेच मांडीवर होतं. मग मी ते आत ठेवून कुलूप लावलं, ते आज तुमच्यासाठी काढलं."

पारख्याने नळी खाली दाबून दाखवली. पुरती खाली गेल्यावर 'टक्' झाले.

"हा 'टक्' महत्त्वाचा. एवढी थोरली स्प्रिंग आत नखाएवढ्या पोलादी तुकड्यावर अडून राहते. माझ्या घरी टेबलावर एक आहे, त्याचा हा तुकडाच निखळलाय. नळी हाताने दाबून धरावी तोवर खाली राहते; हात काढला की फाडकन परत. नवा तुकडा बसवला तर मूळपण जाईल, म्हणून तसंच ठेवलंय."

"ह्यांना दाखवायला हवं होतं हो," बाई म्हणाल्या. "असलं काही हाती लागलं की जेवायलाही उठत नसत."

त्याने स्प्रिंग सावकाश उतरवून पिस्तूल हिरव्या कापडावर ठेवले, आणि दोघे पुढच्या खोलीत चहाला बसले. बाहेर उजेड विझत आला होता. बाईंनी दिवा लावला, मधले दार लोटले आणि कपाला हात न लावता म्हणाल्या,

"भाऊ, खरं सांगते. मला किंमत नकोय. मला तुमचे कान हवे आहेत."

"म्हणजे?"

"वर्षभर रोज या वेळेला त्या कपाटातून मला तो आवाज ऐकू येतो… अर्ध्यावर सुटणारा. माझी आई अखेरीस खिडकीशी उभी राहून कोणाकोणाशी बोलायची. आता माझी पाळी आली, असं आमच्या चिरंजीवांना वाटतं. उद्या येतोय न्यायला. परवा मनाच्या डॉक्टरांकडे, मग घर बंद. ऐकू आलं तर आलं म्हणा, नाही तर नाही म्हणा. खोटी दया नको."

भिंतीवरचे घड्याळ तेवढे चालू होते. चहावर साय धरली. खोलीत, दार लोटलेले असूनही, पातळ तेलाचा वास हळूहळू येऊ लागला…

कुर्र… कुर्रर्र…

आणि मग, फट्!

त्याने कप बशीत ठेवून दिला. लाकूड तडकले असेल, नळ खेकसला असेल, असे त्याने स्वतःला सांगून पाहिले. पण आईला आपल्या मुलाचा खोकला ओळखता यावा, तसा त्याला हा आवाज ओळखता येत होता. बाई दाराकडे पाहतच नव्हत्या. त्यांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर खिळले होते.

"ऐकलंत…?"

"ऐकलं," तो कुजबुजला. "स्प्रिंग. अर्ध्यावर सुटली."

बाईंनी वर्षभर कोंडलेला श्वास सोडला, आणि त्या चक्क हसू लागल्या.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे! भूत असलं तर असू दे हो, वेड नको!" मग त्याच्याकडे निरखून म्हणाल्या, "तुमचाच चेहरा पांढराफटक पडलाय. थांबा, साखर घालते अजून."

"काकू… कपाटात नळी खाली यायला जागाच नव्हती. आज ते मी बाहेर टेबलावर ठेवलंय…"

वाक्य पुरे झाले नाही. आत पुन्हा कुरकुर सुरू झाली. या वेळी ती अर्ध्यावर थांबली नाही. पुढे सरकत राहिली. मध्येच अडली, खुर्ची करकरली, धाप लागल्यागत काहीसे झाले, आणि कुरकुर पुन्हा पुढे निघाली…

टक्.

दोघांनी मिळून दार ढकलले. खोलीत कोणी नव्हते. हिरव्या कापडावर पिस्तूल होते, आणि त्याची नळी पुरती खाली दबलेली होती.

"जमलं!" बाई रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "जमलं हो तुम्हाला!"

चढवलेले पिस्तूल तसेच ठेवणे पारख्याच्या धर्मात बसत नव्हते, स्प्रिंग मरते. त्याने नळीत छर्रा भरला, ती सरळ केली, आणि यजमानांनी नेमासाठी कोपऱ्यात ठेवलेल्या मातीने भरलेल्या पेटीवर नेम धरून विचारले, "चालवू?" कोणाला विचारले, हे त्याचे त्यालाही कळले नाही. मग चाप ओढला. दणका घुमला, आणि खोली सैल पडली. तेलाचा वासही विरला. थंड चहा दोघांनी मिटक्या मारीत संपवला.

दुसऱ्या संध्याकाळी, दिवे लागल्यावर, बाईंचा फोन आला. आवाज मुलीसारखा मोकळा होता.

"भाऊ, आज काही म्हणजे काही नाही! चिरंजीव शेजारी बसून होता. मीही ऐकलं नाही, त्यानेही नाही. आता डॉक्टरांना काय दाखवणार, म्हणाला. जीव भांड्यात पडला बिचाऱ्याचा. मी इथेच राहतेय."

"फार बरं झालं, काकू."

"खुर्चीसुद्धा नुसती खुर्ची वाटते हो. गेले हे." "कुठे गेले असतील?"

"सुखात असतील," पारखी म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. फोन ठेवून, गुणगुणतच तो आपल्या कामाच्या खोलीत गेला. दार उघडताच पातळ तेलाचा वास आला. त्याने दिवा लावला.

टेबलावरच्या त्या निकामी पिस्तुलाची नळी पुरती खाली दबलेली होती.

त्याने खण उघडला. कागदाच्या पुडीत तो नखाएवढा पोलादी तुकडा होता तिथेच होता. त्याने पुन्हा टेबलाकडे पाहिले. नळी परत उसळत नव्हती. फक्त तिचे टोक, कोणाचा तरी हात थकत चालल्यासारखे, बारीक थरथरत होते.