धाकटीची नजर

दवाखान्यातून फोन आला. जिन्यावरून पडलेल्या एका बाईच्या दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग होते, काही ताजे, काही जुने. डॉक्टरांना मारहाणीचा संशय होता. फौजदारबाई तडक निघाल्या.

बाई शिवणकाम करणारी, दोघी बहिणींतली धाकटी. पाय प्लास्टरमध्ये.

"कुणी ढकललं?"

"कुणी नाही. हल्ली मी धडपडतेच. ताई म्हणते, माझं लक्ष नसतं."

फौजदारबाईंनी पाण्याचा पेला तिच्या कानाच्या बाजूने, कडेकडून पुढे केला. ती समोरच बघत राहिली. पेला समोर आणला तसा तिनं चटकन घेतला.

"डोळ्यांचा काही त्रास?"

"खाज यायची, लाल व्हायचे. ताईनं दुकानातून थेंब आणले. घातले की बरं वाटतं. मग डॉक्टर कशाला?"

फौजदारबाई बहिणींच्या घरी गेल्या. शिवणाची खोली जिन्याच्या वरच्या टोकाला होती. थोरली मशीनवर बसली होती.

"नजर चांगली आहे हो तिची. सकाळीच सुई ओवली. लग्न ठरलंय, त्यामुळे मन थाऱ्यावर नाही, एवढंच."

"ती सासरी गेल्यावर तुमचं काम कसं चालायचं मग?"

"चालवायचं कसंतरी. गिऱ्हाइकं येतात ती तिच्या हातासाठी."

"थेंब डॉक्टरला विचारून आणले?"

"आमच्या घरात डोळ्यांच्या डॉक्टरची पायरी कुणी चढलेलं नाही."

थोरलीनं पाणी द्यायला फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात डोळ्यात घालायच्या औषधाची एक इवलीशी बाटली होती. खोक्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांचा शिक्का. फडताळातले धाकटीचे थेंब वेगळे, बिनखोक्याचे. फौजदारबाईंनी दोन्ही बाटल्या उचलल्या आणि शिक्क्यावरचा पत्ता गाठला.

परतल्या तेव्हा थोरली कापड बेतत होती.

"तिला कुणी मारलं नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "दाराच्या चौकटी लागत होत्या. तिला समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. म्हणून सुई ओवता येते आणि पायरी चुकते. तुम्ही आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड आहे. फार दिवस घातलं की काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, नस मरत जाते. दुखत नाही, म्हणून कळतही नाही."

"मला काय ठाऊक? मी अडाणी."

"फ्रिजमधलं औषध दाब उतरवायचं. तुमचं. तुम्हीही तेच थेंब घालत होतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, बंद करा, नाहीतर आंधळ्या व्हाल. बहिणीलाही घेऊन या म्हणाले होते, कारण हा त्रास रक्तात असतो. तुम्ही आपले थेंब थांबवलेत, तिचे चालू ठेवलेत. सख्ख्या बहिणीचा केसानं गळा कापलात."

थोरलीनं कात्री खाली ठेवली. बराच वेळ ती कापडावरची सुरकुती हातानं सारखी करत होती.

"मी काही तिला उपाशी ठेवणार नव्हते. आंधळीला कोण करून घेतो? घरातच राहिली असती. चाचपून बटणं लावली असती."

फौजदारबाईंनी तिला गाडीत बसवलं आणि पुन्हा दवाखाना गाठला. गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगणं भाग होतं.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं.

"रोज माझं डोकं मांडीवर घेऊन थेंब घालायची," ती म्हणाली.

फौजदारबाई उठल्या तेव्हा तिनं हात पुढे केला आणि चाचपत त्यांची बाही धरली.

"ज्यांच्याशी लग्न ठरलंय, ते भेटायला येतील आज. त्यांना काही सांगू नका. फक्त समोरच्या खुर्चीवर बसवा."