मास्तरांचा कोट

प्रेम हे जगातलं सर्वांत निर्भय प्रकरण आहे. आता, या कथेतली दोन्ही माणसं पहिल्यांदा भेटली तीच एका टेबलाखाली लपताना, हा भाग वेगळा.

टेबल शिंपीणबाईचं, कापड बेतायचं. रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली की ती खाली बसून हरवलेली सुई शोधू लागे. त्या दुपारी खाली आधीच कोणीतरी होतं.

"माफ करा," तो कुजबुजला. "मागचं दार उघडं होतं..."

"ते उघडंच असतं. जरा सरका — माझी जागा आहे ती."

तो सीमेपलीकडचा भूगोलाचा मास्तर. "सीमा लाल पेन्सिलीनं काढा, असं पोरांना बजावायचो," तो म्हणाला. "ओलांडताना बघितलं... लाल कुठली? नुसता चिखल."

तिला हसू आलं. ते गाडीपर्यंत ऐकू जाईल म्हणून तिनं तोंडावर हात दाबला.

मागचं दार उघडं ठेवलं होतं अण्णांनी, तिच्या वडिलांनी. पळून आलेल्यांना ते जुनेपाने कपडे वाटत नसत. कापड निवडायला लावत, माप घेत, ट्रायल देत. कोट फुकट, पण थाट गिऱ्हाइकाचा. आणि गिऱ्हाईक कुरकुरल्याशिवाय कोट पुरा झाला असं ते मानतच नसत. "आभार काय, घाबरलेला माणूसही मानतो गं," ते म्हणत. "कॉलर आवडली नाही म्हणाला, की समजायचं — पोचला."

अण्णा गेले. दार तिच्याकडे आलं. धीर मात्र ते बहुधा सोबत घेऊन गेले.

मास्तर नुसते आभारच मानत होता. तिनं छातीभोवती टेप धरली, तेव्हा श्वास रोखून म्हणाला, "छान आहे."

"टेप?"

"...सगळंच."

माप पुन्हा घ्यावं लागलं.

ट्रायलला एक बाही लागलेली, दुसरी टाचण्यांवर — आणि दारात हवालदार! टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

"निर्वासित का हा?"

"गि... गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक कटकट करतं, बाई. अण्णांकडे मी एकच पँट चारदा परत आणली होती. हा तर तोंडच उघडत नाही."

तिनं मास्तरच्या खांद्यावरची टाचणी काढून पुन्हा तिथंच लावली.

"होणारा नवरा आहे माझा," ती म्हणाली. "आत्तापासून सवय करतोय."

हवालदाराला स्वतःचं घर आठवलं असावं. तो खो खो हसला. "लग्नाला बोलवा. नाही बोलावलंत तरी बघायला येणार मी!"

गाडी गेली. भीती तिथंच राहिली.

"खोटं बोलले मी... तुम्हाला न विचारता," ती म्हणाली. "पण दार बंद करायचं नाहीये मला. अण्णांचं आहे ते. फक्त एकटीला फार भीती वाटते हो."

"मलाही वाटते. पण त्या टेबलाखाली दोघं मावतात — बघितलंय आपण."

"म्हणजे... ते खोटं..."

"खोटं नको ठेवायला."

ती टाचण्यांशी उगाच चाळा करत राहिली. त्यानं आरशात बघत बाही लागलेला हात वर-खाली करून पाहिला.

"एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा की!"

"काखेत काचतोय हो. जरा सैल करून द्याल?"