खाली राहिलेला हात

आपल्या संगणक-प्रयोगशाळेत बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाचा फोन ललिता उबाळेनं पत्र्याच्या डब्यात टाकायला लावला, डबा स्वतः नेऊन कोठीत ठेवला, तरी तिचं समाधान होईना. खाडीपलीकडे जागतिक अर्थपरिषद भरणार होती. किनाऱ्यावरची बंदरं कोणत्या कंपन्यांच्या घशात घालायची, ते तिथे ठरणार होतं. त्याविरुद्ध कोळी, यंत्रमागवाले, कचरावेचक, परिचारिका अशा डझनभर संघटनांची एक समिती झाली होती, आणि परिषदेच्या दारापर्यंत मोर्चा न्यायचाच, हा समितीचा एकमेव हट्ट होता. पण मागचे दोन्ही मोर्चे अर्ध्या वाटेत अडले. मार्ग कुठलाही ठरवा, पोलीस तिथे आधीच हजर. म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी फितूर होतं.

समितीचा नियम असा, की एकाचा जरी हात खाली राहिला तरी ठराव बारगळला. कोळ्यांच्या पुढारी जानकी नाखवा यांनी या नियमापायी सगळ्यांना रडकुंडीला आणलं होतं. दिवसभर घसा फोडून चर्चा व्हायची, सगळे हात वर जायचे, आणि जानकीचा खाली. का, तर म्हणे, "सकाळी पटत होतं, आता नाय पटत."

"जानकीमावशी," ललिता म्हणाली, "ज्या दोन बैठकांना तुम्ही नव्हतात, नेमके त्यांत ठरलेलेच दोन मोर्चे अडले. तुम्हाला आधीच ठाऊक होतं म्हणून लांब राहिलात, असं कुणी म्हटलं तर?"

"कुणी कशाला, तूच म्हणतेस की. होडीवर होते मी." जानकी उठली. "माझ्या घरी जेवून शिकलीस, ललिते. एवढं तरी आठव."

ललिताला आठवत होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. ज्याच्याविषयी ठराव, त्याचा हात मोजत नसत. जानकीला समितीतून काढायच्या ठरावावर पहिला हात तिनंच वर केला, मागोमाग बाकीचेही गेले.

त्यानंतर सगळं कसं सुतासारखं सरळ झालं. मोर्चा मिठागराच्या बांधावरून न्यायचा ठरला, आणि चहा यायच्या आत सगळे हात वर गेले.

दुसऱ्या दिवशी यंत्रमागवाल्यांचा मुबारक तांबोळी बांध पाहून आला. तो शिकलेला स्थापत्य अभियंता, उगाच बोलणाऱ्यांतला नव्हे. "बांधावर लोखंडी फाटक उभं आहे," तो म्हणाला.

"काल ठरलं आणि आज फाटक?"

"तेच तर. पायाचं काँक्रीट मी हातोडीनं ठोकून बघितलं, खणखणीत वाजतंय. पंधरवड्यापूर्वी ओतलेलं असणार. जे आपण ठरवलंच नव्हतं, ते फितूर तरी कसं सांगेल?"

याचं एकच उत्तर होतं, आणि ते ललिताच्याच विषयातलं होतं.

"विचारप्रतिकृती," ती म्हणाली. "माणसाची जुनी बोलणी यंत्राला भरवली की यंत्र त्याच्यासारखा विचार करू लागतं. अशा सगळ्यांच्या प्रतिकृतींची यंत्रातच बैठक भरवायची. ती जे ठरवते, तेच खरी बैठक ठरवते. विद्यापीठात असताना आम्ही गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांवर हा प्रयोग केला होता. क्वचितच चुकायचा."

"पण आपली बोलणी पोलिसांना मिळाली कुठून?"

"आपणच दिली. लोकांपासून लपवायचं काही नाही म्हणून प्रत्येक मोर्चानंतर बैठकीचं ध्वनिमुद्रण आपण जगजाहीर करतो ना."

तिनं तीच ध्वनिमुद्रणं आपल्या यंत्राला भरवली. जानकीला धरून बैठक भरवली, तर दर वेळी वेगळाच मार्ग आला. जानकीला वगळलं, तर लगेच उत्तर आलं: मिठागराचा बांध.

"म्हणजे मावशी नव्हत्या तेव्हाच त्यांचं भाकीत जमलं," मुबारक म्हणाला. मग त्यानं बोटांवर दिवस मोजले. "पण ललिता, ते काँक्रीट ओतलं तेव्हा तर मावशी समितीत होत्या."

ललितानं यंत्राला नवा प्रश्न घातला. ओळीनं दोन मोर्चे अडले, तर ही मंडळी कुणाला काढतील?

जानकी नाखवा, यंत्रानं सांगितलं. पहिला हात: ललिता उबाळे.

मोर्चे अडवणं हे पोलिसांचं खरं कामच नव्हतं. भाकीत चुकवणारी जानकी बाहेर जावी म्हणून ललिताच्या डोक्यात संशय पेरायचा होता, पुढचं तिनं आपण होऊन केलं. ललिताला स्वतःची किळस आली.

करंजा बंदरावर जानकी जाळं विणत बसली होती. ललिता समोर उभी राहिली. "चुकलं माझं, मावशी," ती म्हणाली, आणि सगळी हकिकत सांगितली.

जानकीनं मान वर केली नाही. "तू माफी मागायला येशील, हे सांगितलं का तुझ्या यंत्रानं?"

"हो. लगेच."

"मग त्यांना पण ठाऊक असेल, तू आत्ता इथं आहेस ते."

"असणार." ललितानं मागे रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता, पण आता त्यावर तिचा विश्वास बसेना.

"आणि मी परत येईन का, ते?"

"दर वेळी वेगळं सांगतं."

जानकीनं गाठ मारून दोरा दातानं तोडला. "मला पण अजून ठाऊक नाय," ती म्हणाली. "बस. आधी जेव."